वेल्डिंगआधी लोखंड का तापवावे?

वाचकहो, उसाच्या हंगामात टायरगाडी मोडली की मालकाचा जीव कसा खालीवर होतो, हे तुम्हांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. फडात तोडलेला ऊस पडलेला असतो. तो वाळतो, वजनाला घटतो. कारखान्यावरची पाळी चुकते. आणि नेमका अशाच वेळी गाडीचा आख मोडतो.

आमच्या गावी असेच झाले. अडीच इंच जाडीचा आख चाकाजवळ मोडला. मालकाने तो स्टँडवरच्या वेल्डिंगच्या दुकानात नेला. दुकान चालवणारा पोरगा आमचाच विद्यार्थी. त्याने तुकडे घासून साफ केले, कडा उतरत्या केल्या आणि काड्यांवर काड्या जाळून सांधा भरला. ग्राइंडर फिरवून इतका गुळगुळीत केला की हात फिरवत राहावे. दुसऱ्या दिवशी गाडीच्या दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या खेपेला ओढ्याच्या उतारावर आख पुन्हा मोडला. गाडी कलली, मोळ्या ओघळल्या. एका बैलाचा पुढचा पाय दुखावला. गाडीवान वेळीच उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला.

मालक चार माणसे घेऊन दुकानावर गेला. "हलकी काडी वापरलीस आणि पैसे मात्र पुरे घेतलेस," असे तो म्हणू लागला. पोरगा रडवेला होऊन आमच्याकडे आला. "गुरुजी, तुम्हीच बघा. माझा सांधा तुटलेलाच नाही. आखच वाईट आहे." आम्ही जाऊन पाहिले. खरोखरच सांधा अख्खा होता. आख मोडला होता तो सांध्याला अगदी लागून, अर्ध्या बोटावर. मालक म्हणाला, "आठ वर्षे ह्याच आखावर ऊस ओढला. आज तो वाईट कसा झाला?" दोघेही खरेच बोलत होते. मग चूक कोणाची?

गावातले म्हातारे लोहारबाबा तेथे आले. त्यांनी मोडलेला तुकडा उन्हात धरला. मोड वाकलेली नव्हती, ताणलेली नव्हती. साखरेसारखी चकाकत होती. ते म्हणाले, "मास्तर, ह्याला पाणी बसलंय."

पोरगा म्हणाला, "बाबा, पाण्याचा थेंबसुद्धा लावला नाही."

"लावला नसशील. पण बसलंय."

त्या वेळी हे बोलणे आम्हांलाही कळले नाही. पुढे आम्ही पुस्तके पाहिली, तांत्रिक शाळेत शिकवणाऱ्या गृहस्थांना विचारले, आणि मग लोहारबाबांचे शब्द किती अचूक होते ते समजले. तेच येथे सांगतो.

आधी हे ध्यानात घ्या की, आपण ज्याला सरसकट लोखंड म्हणतो ते एका जातीचे नसते. त्यात कर्ब किती आहे, यावर त्याची जात ठरते. कर्ब म्हणजे कोळशातला मुख्य पदार्थ. शंभर किलो माल घेतला असे समजा. खिडकीचे गज, पत्र्याच्या शेडचे अँगल, फाटकाच्या पट्ट्या यांत कर्ब साधारण दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर असतो. हे मऊ पोलाद. आखाच्या पोलादात तो चारशे ते पाचशे ग्रॅम असतो. मोटारीच्या कमान-पाट्यात पाचशे-सहाशे ग्रॅम, रेल्वेच्या रुळात सहाशे ते आठशे ग्रॅम. आणि बिडात तर दोन ते चार किलो! शंभर किलोत दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे, म्हणजे भाजीतल्या मिठाएवढी गोष्ट. पण मिठाने जसा भाजीचा, तसा कर्बाने लोखंडाचा स्वभाव पालटतो.

आता पाणी देण्याची गोष्ट पाहू. लोहार कोयता घडवतो, भट्टीत लालभडक करतो आणि पाण्यात बुडवतो. चर्र आवाज होतो. कोयता इतका कडक होतो की त्यावर कानस घसरते. पण तो दगडावर आपटला तर काचेसारखा तुटतो. म्हणून लोहार त्याला पुन्हा थोडी ऊब देऊन कडकपणा उतरवतो. हेच तुम्ही खिडकीच्या गजावर करून पाहा. लाल करा, पाण्यात बुडवा. गज फारसा कडक होणार नाही. का? त्यात पुरेसा कर्ब नाही.

लाल झालेल्या पोलादात कर्ब सगळीकडे विरघळून जातो. ते सावकाश निवले तर कर्बाला हळूहळू आपल्या ठिकाणी जायला सवड मिळते आणि पोलाद चिवट राहते. एकदम निवले तर कर्ब मध्येच अडकून पडतो. त्या अडकलेल्या कर्बामुळे पोलादाचे कण ताणून बसतात. शास्त्रज्ञ अशा कडक, ठिसूळ पोलादाला मार्टेन्साइट म्हणतात. लोहार म्हणतो, पाणी बसले. वस्तू एकच.

आता वेल्डिंगकडे या. काडीच्या ज्योतीखाली पोलाद वितळते. त्याच्या कडेचा बोटापेक्षाही अरुंद पट्टा वितळत नाही, पण लाल होतो. आणि त्याच्या पलीकडे? पलीकडे अडीच इंच जाडीचा, थंडगार, मणभर वजनाचा आख असतो. तापल्या तव्याला गार पाण्याचा हात लावावा, तसा हा थंड आख त्या लाल पट्ट्यातली ऊब क्षणात ओढून घेतो. बादलीतले पाणी लागतच नाही. जाड, थंड लोखंड हेच पाणी! पोरग्याने पाण्याचा थेंब लावला नव्हता हे खरे, आणि आखाला पाणी बसले होते हेही खरे.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. तिच्यावर आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण आम्ही पाहिलेले बहुतेक कारागीर येथे फसतात. आपल्याला वाटते, मोठे वेल्डिंग धोक्याचे आणि लहानसा टाका निर्धोक. जाड कर्बयुक्त पोलादावर उलट असते. मोठ्या सांध्यात पुष्कळ ऊब जाते, म्हणून तो जरा सावकाश निवतो. इवलासा टाका मात्र क्षणार्धात निवतो, आणि त्याच्या कडेला सर्वांत कडक पट्टा तयार होतो. काडी पेटते की नाही हे पाहायला आखावर उगीच एक ठिणगी पाडली, तरी तेवढ्या ठिपक्याला पाणी बसते. मोड तेथून सुरू होऊ शकते. काडी पेटवून पाहायची तर भंगाराच्या तुकड्यावर पाहावी.

पण मग आख लगेच का मोडला नाही? दोन खेपा कशा झाल्या? येथे दुसरा चोर आहे. त्याचे नाव हायड्रोजन.

हायड्रोजन पाण्यातून येतो. काडीवरचे पांढरे लेपण ओल धरते. लोखंडावर गंज असतो, तेल असते, रंग असतो. ज्योतीच्या उष्णतेने या सगळ्यांतला हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या पोलादात शिरतो. गरम पाकात पुष्कळ साखर मावते, पाक निवला की तिचे खडे बाहेर पडतात. तसेच येथे. गरम पोलादात मावलेला हायड्रोजन थंड पोलादात मावत नाही. तो आतल्या आत सरकतो आणि नेमका त्या कडक, ताणलेल्या पट्ट्यात गोळा होतो. तेथे बारीक चीर पाडतो. ही चीर काही तासांनी पडते, कधी दोन दिवसांनीही पडते. सांधा करणाऱ्याला ती दिसत नाही, कारण तो तेव्हा घरी जेवायला गेलेला असतो. पुढे गाडीचा भार येतो, चीर वाढते, आणि आख मोडतो.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र आल्या की घात होतो: कडक झालेला पट्टा, हायड्रोजन आणि ताण. ताण तर वेल्डिंगमध्ये असतोच, कारण निवताना सांधा आकसतो आणि जाड लोखंड त्याला आकसू देत नाही.

हे खेड्यातल्या दुकानातच घडते असे समजू नका. ऑस्ट्रेलियात मेलबर्न नावाचे मोठे शहर आहे. तेथे यारा नदीवर किंग स्ट्रीट पूल बांधला आणि 1961 साली वाहतुकीला खुला केला. तुळया जास्त ताकदीच्या पोलादाच्या होत्या. तुळयांच्या खालच्या बाजूला जाड पट्ट्या वेल्ड करून बसवल्या होत्या. 10 जुलै 1962 रोजी सकाळी 45 टन वजनाची एक गाडी पुलावर आली. तिकडे जुलै महिना थंडीचा असतो. पुलाचा एक गाळा फुटभर खाली खचला. खालच्या भिंतींनी तो अडवला, म्हणून कोणी दगावले नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला. पट्ट्यांच्या टोकांशी जेथे आडवे वेल्डिंग होते, तेथे कडेला भेगा सापडल्या. बऱ्याच भेगा तर कारखान्यात वेल्डिंगनंतरच पडल्या होत्या, आणि तपासनिसांच्या नजरेतून सुटल्या होत्या. पूल पडण्याआधी वर्षभर त्यावरून लोक जात-येत होते, आणि भेगा खाली होत्याच. त्या पुलाची पुढे दुरुस्ती झाली.

त्या पोलादात कर्ब आमच्या आखाएवढा नव्हता. मग पाणी कसे बसले? कारण कर्ब एकटा नसतो. पोलादाची ताकद वाढवण्यासाठी त्यात मँगनीज, क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम, निकेल, तांबे असे पदार्थ घालतात. हेही पाणी बसायला मदत करतात, कोणी जास्त, कोणी कमी. मेलबर्नच्या पोलादात मँगनीज भरपूर होते.

हा हिशेब मांडायची एक रीत आहे. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेची ही रीत जगभर चालते. मँगनीजला सहाने भागा. क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम यांच्या बेरजेला पाचाने भागा. निकेल आणि तांबे यांच्या बेरजेला पंधराने भागा. हे सगळे कर्बात मिळवा. येईल तो आकडा म्हणजे जणू त्या पोलादातला एकूण कर्ब. पाटीवर एक उदाहरण करू. शंभर किलो मऊ पोलादात 180 ग्रॅम कर्ब आणि 900 ग्रॅम मँगनीज आहे. 900 भागिले 6 म्हणजे 150. त्यात 180 मिळवले, 330 झाले. आता आखाचे पोलाद घ्या. 450 ग्रॅम कर्ब, 750 ग्रॅम मँगनीज. 750 भागिले 6 म्हणजे 125. एकूण 575.

उत्तर 400च्या आत असेल आणि माल फार जाड नसेल, तर सहसा न तापवता वेल्डिंग चालते. 450च्या पुढे गेले की तापवण्याचा विचार केलाच पाहिजे. जाडी जितकी जास्त तितकी गरज जास्त, कारण जाड माल म्हणजे मोठी पाण्याची बादली. आमच्या आखाचे 575 म्हणजे थंडपणी त्याला काडी लावायलाच नको होती. बांधकामाच्या साध्या पोलादासाठी आपल्याकडचे भारतीय मानक 2062 आहे. त्यातल्या ई-250 या नेहमीच्या प्रतीला हा आकडा 420च्या वर जाऊ न देण्याचे बंधन आहे. म्हणून अँगल-चॅनेलचे काम करणाऱ्या पोराला वर्षानुवर्षे काही त्रास होत नाही. आणि म्हणूनच आखाशी गाठ पडली की तो फसतो. हाताला सवय मऊ पोलादाची.

भंगारातल्या तुकड्यावर आकडे लिहिलेले नसतात, ते कसे ओळखावे? तुकडा ग्राइंडरवर धरा आणि ठिणग्या पाहा. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ, थोडे फाटे फुटलेल्या. कर्ब वाढला की ठिणग्यांना फुलबाजीसारखी दाट फुले येतात. शेजारी ओळखीचा खिडकीचा गज धरून ताडून पाहावे. दुसरी परीक्षा कानशीची. कडेच्या फालतू भागावर एक टाका मारा, निवू द्या, आणि टाक्याच्या कडेवर कानस चालवा. कानस खात असेल तर ठीक. घसरत असेल तर पाणी बसले आहे, आणि तो माल तापवल्याशिवाय जोडू नये. लोहारबाबांना या दोन्ही परीक्षा न शिकवता येत होत्या.

आता तापवायचे म्हणजे किती? लाल करायचे नाही. आखासारख्या जाड मालाला 200 ते 250 अंश ऊब पुरते. ती नुसती वरवर नको, आरपार हवी. सांध्याच्या दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन इंच भाग तापवावा. ज्योत एका जागी धरू नये, फिरती ठेवावी. मोजायला खास खडू मिळतात, ठरावीक उष्णतेला खडूची रेघ वितळते. खडू नसेल तर लोहाराची रीत आहे: कानशीने थोडी जागा चकचकीत करावी आणि तिच्यावर लक्ष ठेवावे. फिकट पिवळी छटा आली म्हणजे 220-230 अंश झाले. निळी झाली तर 300च्या घरात गेले. कोयत्याचा कडकपणा उतरवताना लोहार हेच रंग पाहतो.

या उबेने काय साधते? सांधा सावकाश निवतो, म्हणून कडक पट्टा तयार होत नाही किंवा कमी होतो. ओल उडून जाते. आणि हायड्रोजनला बाहेर पळायला वेळ मिळतो. काम संपेपर्यंत ही ऊब टिकवली पाहिजे. मध्येच चहाला गेले आणि आख गार झाला, तर पहिल्यापासून तापवावे. काम संपल्यावरही ज्योत तासभर फिरती ठेवावी आणि मग आख कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत गाडून रात्रभर ठेवावा. पाणी ओतून गार करणाऱ्याचा हात धरावा.

काडीही बदलावी लागते. दुकानात नेहमी मिळते ती 6013 क्रमांकाची काडी फाटकाला उत्तम, आखाला नाही. आखाला कमी हायड्रोजनची 7018 क्रमांकाची काडी घ्यावी. पण ती ओली राहिली तर तिचा काही उपयोग नाही. पुडा फोडून पावसाळाभर फळीवर पडलेली काडी वापरू नये. ती भट्टीपेटीत 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास भाजून, गरम असतानाच काढून वापरावी. पापड पुन्हा उन्हात घालतात ना, तसे.

रेल्वेचे कामगार रूळ जोडताना तुम्ही पाहिले असेल. साच्यात तप्त रस ओतण्याआधी ते रुळांची टोके ज्योतीने चांगली लाल करतात, सुमारे 600 अंशांपर्यंत. ती पद्धत निराळी आहे, पण कर्ब जास्त असलेल्या पोलादाशी उबेशिवाय बोलणेच नाही, हे तेथेही दिसते. बिडाचे काम आणखी नाजूक. निकेलची काडी, थोडे थोडे वेल्डिंग आणि राखेत गाडणे, इतके येथे सांगून ठेवतो. कमान-पाटा मात्र जोडूच नये. जोड टिकला तरी त्याची लवचीकता जळून गेलेली असते. नवा पाटा घालावा.

आणि आता एक उलटा प्रकार. खडी फोडण्याच्या यंत्राचा जबडा ज्या पोलादाचा असतो, त्यात शंभर किलोला बारा ते चौदा किलो मँगनीज असते. रॉबर्ट हॅडफील्ड या इंग्रज गृहस्थाने हे पोलाद 1882 साली शोधले. याला पाणी बसून ते ठिसूळ होत नाही, ते ठिसूळ होते जास्त ऊब मिळाली की. म्हणून याला तापवायचे नाही. थोडेसे वेल्ड करा, थांबा, हात लावण्याइतके निवू द्या, मग पुढे. थोडे मँगनीज ऊब मागते, पुष्कळ मँगनीज गारवा मागते! चुंबकाने हे पोलाद ओळखता येते, कारण चुंबक त्याला धरत नाही.

गंधक जास्त असलेल्या पोलादाचे दुखणेही वेगळे. नट-बोल्टसाठी झटपट कातले जावे म्हणून त्यात मुद्दाम गंधक घालतात. त्याचा सांधा गरम असतानाच मधोमध फाटतो. तेथे कितीही ऊब दिली तरी फायदा नाही.

आमच्या गावचा तंटा आम्ही असा मिटवला. नव्या आखाचे निम्मे पैसे मालकाने दिले, निम्मे पोराने हप्त्याहप्त्याने. बैलाचा पाय महिनाभरात बरा झाला. बैलाच्या औषधाचे पैसे मालकाने मागितले नाहीत, कारण "घाई कर, आजच पाहिजे" असे तोच म्हणाला होता. चाकाजवळचा आख मोडला तर तो बदलावाच, असे आम्हांला अजूनही वाटते, कारण तेथे माणसाचा जीव टांगलेला असतो. बाकीच्या जाड कामांसाठी पोरग्याने तापवण्याचे खडू आणले, काड्या भाजायची पेटी घेतली आणि दुकानामागे राखेचा खड्डा केला. आता तो असले काम घेतले की दोन दिवस ठेवून घेतो. दुसऱ्या दिवशी सांध्याच्या कडेला घासलेट लावतो, पुसून कोरडे करतो, वर चुना फासतो आणि चीर असेल तर चुन्यावर घासलेटाची रेघ उमटते का ते पाहतो. ज्यांना घाई असते ती गिऱ्हाइके शेजारच्या गावी जातात.